बँकेने आमच्या घराची किंमत अकरा लाखांनी कमी धरली

पत्र

ताई, आम्ही सहा वर्षं भाड्याच्या घरात राहतोय. यंदा मुलगी पहिलीत जाईल, म्हणून कोथरूडमध्येच स्वतःचं घर शोधत होतो. १९९४ साली बांधलेल्या तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके मनात भरला. लिफ्ट नाही, पण उजेड भरपूर, खिडकीसमोर बकुळ आणि शाळा चालत दहा मिनिटांवर. एजंटने ८५० स्क्वेअर फूट सांगितला, व्यवहार ९२ लाखांना ठरला. विकणारे काका निवृत्त आहेत, मुलाकडे बेंगळुरूला जाणार आहेत. आम्ही दोन लाख टोकन देऊन साधी पावती केली. बँकेने पगार बघून ७३ लाख ६० हजार मिळतील असं तोंडी सांगितलं होतं. आता बँकेच्या माणसाने घर बघून केलेलं व्हॅल्युएशन, म्हणजे घराची ठरवलेली किंमत, ८१ लाख आलंय आणि कर्ज ६४ लाख ८० हजारच देऊ म्हणतात. काका म्हणतात, सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार आहे, ९२ सुद्धा कमीच आहेत, दुसरी पार्टी तयार आहे. एजंट म्हणतो, दुसऱ्या बँकेतून व्हॅल्युएशन वाढवून आणून देतो. मिस्टर म्हणतात, फरकासाठी पर्सनल लोन काढू. माझे वडील त्यांच्या निवृत्तीच्या पैशांतली नऊ लाखांची एफडी मोडायला निघालेत. काय करू? घर सोडून द्यावं का?

— एक वाचक, पुणे

उत्तर

आज संध्याकाळी पहिलं काम करा. वडिलांना फोन लावा आणि सांगा, "बाबा, एफडीला एवढ्यात हात लावू नका." ते ऐकायचे नाहीत, मुलीच्या घरासाठी कोणता बाप ऐकतो! पण ते पैसे तुमच्या घराला लागणार आहेत, की काकांनी मनात धरलेल्या आकड्याला, हे अजून ठरलेलं नाही. ते ठरेपर्यंत कुणीच कुणाला एक रुपयाही पुढे देऊ नये.

मी बँकेच्या कर्जविभागात बरीच वर्षं काढली. टेबलापलीकडे बसलेली जोडपी व्हॅल्युएशनचा आकडा ऐकून कशी गप्प होतात, ते मी पाहिलंय. आपण पसंत केलेल्या घराला कुणीतरी नाव ठेवलं असं वाटतं. तुमच्या पत्रातही ते दुखणं दिसतं. पण जरा आठवून बघा. या सगळ्या व्यवहारात काकांना जास्त पैसे हवेत. एजंटची दलाली टक्केवारीवर आहे. तुमचा जीव घरात अडकलाय. किंमत चढली काय नि उतरली काय, ज्याला त्यात काही मिळायचं नाही, असा या घरात येऊन गेलेला पहिला माणूस म्हणजे तो व्हॅल्युअर. त्याचं म्हणणं चुकू शकतं, पण ते नीट वाचल्याशिवाय झटकून टाकू नका.

तो आला तेव्हा तुम्ही तिथे होतात का? बहुधा नसाल. अर्ध्या तासाचं काम असतं. जिन्यातून वर येताना तो भिंतीच्या भेगा बघतो. आत आला की खोल्या भिंतीच्या आतून मोजतो, बाथरूमच्या छतावर ओल आहे का बघतो, गच्चीवर चक्कर मारतो, फोटो काढतो. काकांच्या वीजबिलावरचा पत्ता आणि मिळकत कराची पावती ताडून पाहतो. मग त्या भागात नुकत्याच झालेल्या विक्रीचे दर काढतो आणि इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा, म्हणजे जुनेपणाची घट, धरतो. फर्निचर तो मोजत नाही. काकांनी दोन वर्षांपूर्वी केलेलं मॉड्युलर किचन कितीही देखणं असलं तरी त्याच्या कागदावर त्याला फारशी किंमत नसते.

बँकेचं गणित सरळ आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत, ही रिझर्व्ह बँकेने घातलेली मर्यादा. करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यांत जो आकडा कमी, त्यावर ही टक्केवारी लागते. ८१ लाखांचे ८० टक्के म्हणजे तुमचे ६४ लाख ८० हजार. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचा खर्च यात धरत नाहीत, तो आपल्या खिशातून. पुण्यात सात टक्के धरले तर ९२ लाखांवर ६ लाख ४४ हजार आणि वर नोंदणीचे ३० हजार. म्हणजे आधी तुम्हाला हातचे २५ लाख १४ हजार लागणार होते, ते आता ३३ लाख ९४ हजार झाले. मधले ८ लाख ८० हजार कुठून आणायचे, या विचारात तुमची झोप उडालीय. पण त्याआधी एक प्रश्न सोडवायचा राहिलाय: आकडा कमी का आला?

उद्याच शाखेत जा आणि अहवाल वाचायला मागा. तो बँकेचा कागद असतो, प्रत देतीलच असं नाही, पण फी तुम्ही भरली असेल तर निदान समोर बसून वाचू द्या असं म्हणायला काहीच हरकत नाही. वाचताना पहिल्यांदा क्षेत्रफळाचा रकाना बघा. माझी शंका तिथेच आहे. एजंटचे ८५० हे 'सेलेबल' असणार. जिना, पॅसेज, भिंती सगळं घालून फुगवलेला तो आकडा. काकांच्या मूळ करारनाम्यात कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, किती लिहिलंय ते बघा. अशा इमारतीत ते साडेसहाशेच्या आसपास निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही. समजा ६४८ निघालं. मग ९२ लाखांचा दर ८५० वर १०,८०० पडतो आणि ऐकायला स्वस्त वाटतो, पण खऱ्या कार्पेटवर तो १४,२०० होतो. व्हॅल्युअरचे ८१ लाख त्याच ६४८ वर १२,५०० पडतात. घर एकच, नुसता भागाकार बदलला.

या रकान्यात चूक तुमच्या बाजूनेही निघू शकते. हॉलला लागून असलेली बाल्कनी आत घेतलेली असेल, तर ती मंजूर नकाशात कशी दाखवली आहे यावर ती मोजायची की सोडायची हे ठरतं. एका प्रकरणात आमच्या व्हॅल्युअरने एक बेडरूम दहा बाय बाराऐवजी दहा बाय दहा लिहिली होती, साधी हातून झालेली चूक. कर्जदार स्वतः टेप घेऊन गेले, प्रत्येक खोली मोजली, मंजूर नकाशाची प्रत जोडून अर्ज दिला आणि आकडा दुरुस्त झाला. वीस स्क्वेअर फुटांचे अडीच लाख होतात, म्हणून रविवारी टेप घेऊन जाच.

दुसरं बघायचं ते असं. अहवालात सहसा एकाहून जास्त किमती असतात: फेअर मार्केट व्हॅल्यू, मग रिअलायझेबल, म्हणजे विकायला काढलं तर पदरात पडेल ती, आणि त्याखाली डिस्ट्रेस, म्हणजे घाईने विकावं लागलं तर येईल ती. शेजारी रेडी रेकनरची किंमतही असते, पण ती सरकारने स्टॅम्प ड्युटीसाठी ठरवलेली, तिच्यावरून बाजारभाव समजू नका. तुम्हाला सांगितलेले ८१ लाख यांपैकी कोणते, हे स्पष्ट विचारा. ती रिअलायझेबल असेल आणि फेअर मार्केट ९० लाख असेल, तर तुम्ही घराची जी किंमत ठरवली ती फारशी चुकलेली नाही, फक्त ही बँक कर्ज मोजताना हात आखडता घेते. अशा वेळी दुसऱ्या बँकेत जाणं रास्त आहे. पण फेअर मार्केटच ८१ असेल, तर बोलणं काकांशी करायचं आहे.

आता रिडेव्हलपमेंट. तुमच्या पत्रातलं हे एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवण्याच्या जुन्या सोसायट्यांत आज घर विकणारा माणूस आजचं घर विकत नाही, पाच वर्षांनी मिळेल अशी आशा असलेलं नवं घर विकतो. लिफ्ट, पार्किंग, वाढीव कार्पेट या सगळ्याचे पैसे आत्ताच मागतो. त्यांना दोष देत नाही, तीस वर्षं त्यांनी ती वास्तू सांभाळली. पण व्हॅल्युअर आशेला किंमत लावत नाही, त्याच्यापुढे तीस वर्षांची, बिनलिफ्टची इमारत असते. मग त्या आशेचे पैसे तुम्ही द्यायचे का, हे कागदावर ठरवा. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा. सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा ठराव झालाय का? झाला असेल तर ५१ टक्के सभासदांची संमती लेखी आहे का? जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स किंवा डीम्ड कन्व्हेयन्स झालंय का? समोरचा रस्ता किती मीटरचा? नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचे विकत घेतलेले बांधकामाचे हक्क, सहसा चढवता येत नाहीत आणि मग बिल्डरचं गणित बसत नाही. इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट शेवटचं कधी झालं तेही विचारा, तीस वर्षांवरच्या इमारतीला ते दर तीन वर्षांनी करायचं असतं.

या प्रश्नांना सेक्रेटरींनी फाइल काढून उत्तरं दिली तर आशेला थोडी किंमत आहे. "बोलणी चालू आहेत हो" एवढंच म्हणाले, तर ती जिन्यातली बोलणी समजा. तसल्या आशेसाठी लाखभरसुद्धा जास्त देऊ नका. आणि एक काळजी घ्या. पुनर्विकासाचा करार खरोखर व्हायला आला असेल, तर अशा फ्लॅटवर कर्ज द्यायला काही बँका कचरतात. तेही तुमच्या बँकेला आत्ताच विचारून ठेवा.

आजूबाजूचा खरा दर बघायला एजंटची गरज नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर टाकून त्याच गल्लीतल्या विक्रीच्या नोंदी शोधा. प्रत्येक इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणीच्या सारांशाच्या कागदावर, 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन आकडे असतात आणि क्षेत्रफळही. मोबदला म्हणजे कागदावर दिलेली किंमत. एका संध्याकाळी चहा घेऊन दोघं बसा, गेल्या वर्ष-दीड वर्षातल्या चार-पाच नोंदी वहीत उतरवा, कार्पेट आहे की भिंती धरून मोजलेलं बिल्टअप ते तपासा आणि दर काढा. त्यात जुन्या, बिनलिफ्टच्या इमारती कोणत्या हे चालत जाऊन बघा. एवढं केलं की ९२ जास्त आहेत की ८१ कमी आहेत, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आकडे काकांच्या विरुद्ध निघाले, आणि मला तसं वाटतंय, तर मिस्टरांसोबत त्यांच्या घरी जा. एजंटला आधी सांगा, पण बोलायला त्याला पुढे करू नका. काकांच्या समोर कागद ठेवा आणि सरळ बोला: "काका, घर आम्हाला आवडलंय, आम्हाला इथेच राहायचंय. बँकेने ८१ धरलेत. या नोंदी आम्ही काढल्या, तुम्हीही बघा. आम्ही ८५ पर्यंत येऊ शकतो. कर्ज मंजूर आहे, सह्या होऊन पैसे मिळायला तुम्हाला महिन्यापलीकडे थांबावं लागणार नाही." त्यांना जी दुसरी पार्टी मिळाली आहे, तिलाही कर्ज लागणार असेल तर तिच्या बँकेचाही माणूस टेप घेऊन याच जिन्याने वर येणार आहे, हे तुम्ही न बोलताही त्यांच्या लक्षात येईल. फार ताणू नका. माणसं घर विकताना आतून हललेली असतात. बकुळ कुणी लावली ते विचारा, ऐकून घ्या, पण आकड्यावर परत या.

आणि हे गणित पाठ करून जा, कारण तिथे बसल्यावर सुचत नाही. किंमत ८१ च्या वर आहे तोपर्यंत कर्ज ६४ लाख ८० हजारच राहणार आहे. म्हणून काकांनी कमी केलेला प्रत्येक लाख सरळ तुमच्या खिशातला वाचतो, आणि त्यावरच्या ड्युटीचे सात हजारही. ८५ ला ठरलं तर ड्युटी-नोंदणीसह तुम्हाला हातचे २६ लाख ४५ हजार लागतील. तुमची मूळ तयारी २५ लाख १४ हजारांची होती. म्हणजे कमी पडतील एक लाख ३१ हजार. ८६ ला ठरलं तर कमी पडतील दोन लाख ३८ हजार. वडिलांच्या नऊ लाखांपुढे हे आकडे मांडून बघा.

घर फक्त तुमच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात स्त्रियांना स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत आहे, ८५ लाखांवर ८५ हजार. मिस्टरांचं नाव मालक म्हणून आलं की ती जाते, सहकर्जदार म्हणून ते राहू शकतात. त्यांना कर्जावरची करवजावट मग मिळणार नाही. ती तुमच्या करपद्धतीत मुळात लागते का, हे सीएला विचारून दोघं मिळून ठरवा.

काका खरोखरच किचन, एसी, कपाटं ठेवून जाणार असतील तर त्याची वाजवी किंमत वेगळ्या कागदावर, चेकने देता येईल. पण ती वाजवीच हवी. "करार ८१ चा करू, उरलेले रोख द्या" असं कुणी सुचवलं तर तिथूनच उठा. आयकर कायद्याप्रमाणे घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. आणि कागदावर नसलेल्या पैशांची पावती तुमच्याकडे कधीच नसेल.

एजंटचं 'वाढवून आणून देतो' मला अजिबात आवडलेलं नाही. दुसऱ्या बँकेत स्वतःहून जाणं वेगळं. त्याला पुन्हा फी पडेल, पण स्वच्छ मनाने दुसरं मत मिळेल. ते ८१-८३ आलं तर प्रश्नच मिटला. पण ओळखीच्या माणसाकडून फुगवलेला आकडा आणला, तर त्यात फसणार बँक नाही, तुम्ही. हप्ते तुम्ही भरणार, आणि उद्या नोकरीसाठी गाव बदलून घर विकायची वेळ आली तर तो फुगलेला आकडा कोण देणार? खोट्या कागदावर तुमची सही असेल ते निराळंच.

पर्सनल लोनबद्दल मिस्टरांना माझ्याकडून सांगा. समजा गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं, तर हप्ता साधारण ५६ हजार. त्यावर पावणेनऊ लाखांचं पर्सनल लोन तेरा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी, आणखी वीस हजार. महिना ७६ हजार, आणि घरात पहिलीतलं मूल. शिवाय आधी पर्सनल लोन काढलंत तर बँक तो हप्ता धरून तुमचं गृहकर्ज आणखी कमी करेल. पाच वर्षं दिवाळीला नवा कपडा घेताना दोघांची धुसफूस व्हावी असं घर मला तुमच्यासाठी नको आहे.

वडिलांचं थोडं वेगळं. काका ८५-८६ वर आले आणि लाख-दोन लाख कमी पडले, तर बाबांकडून तेवढेच घ्या, तेही परत द्यायचे म्हणून. त्यांच्या खात्यात दर महिन्याला ठरलेली रक्कम जाईल अशी बँकेत सूचना देऊन टाका. पंचाहत्तरीला गुडघ्याच्या ऑपरेशनला त्यांना भावाकडे किंवा तुमच्याकडे तोंड वेंगाडावं लागू नये. बाप देताना हे बोलत नाही, म्हणून मुलीने लक्षात ठेवायचं.

टोकनची पावती वकिलांना दाखवा. कर्ज पुरेसं न मिळाल्यास पैसे परत, असं त्यात लिहिलेलं असेल तर निश्चिंत राहा. नसेल तर दोन लाखांवरून बोलणी करावी लागतील, आणि काही रक्कम सुटूही शकते. वाईट वाटेल. पण दोन लाख वाचवायला सात लाख जास्त मोजू नका. काकांशी नवी किंमत ठरली की नव्या पावतीत ती अट घालून घ्या: ठरलेल्या तारखेपर्यंत इतकं कर्ज मंजूर झालं नाही तर टोकन परत. कर्जाचं मंजुरीपत्र हातात येईपर्यंत करारनाम्यावर स्टॅम्प ड्युटी भरू नका. एकदा भरली की परत मिळवायला अर्ज, कपात आणि खेपा.

घर सोडावं का, हे तुम्ही विचारलंत. काका ८७ च्या खाली यायला तयारच नसतील, दुरुस्तीनंतरही अहवाल ८१ च्या आसपास राहिला आणि सेक्रेटरींकडे ठरावाचा कागद नसेल, तर सोडा. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, कारण मुलीची शाळा चालत दहा मिनिटांवर असणं किती मोलाचं, ते मला कळतं. पण तीच शाळा त्याच परिसरातल्या अजून पाच-पन्नास इमारतींपासून तेवढ्याच अंतरावर आहे, आणि त्यांतली निम्मी घरं काकांच्या वयाच्या माणसांची आहेत.

रविवारी मोजायला जाल तेव्हा बेडरूमपासून सुरुवात करा, आणि टेप भिंतीला नीट टेकवून धरायला मिस्टरांना सांगा. अहवालात क्षेत्रफळ काय निघालं, ते मला नक्की कळवा.